मदत हवी आहे: गांडुळं पिंपाबाहेर येऊन मरताहेत (सोलापूर)

अंगणवाली
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहते. घरामागं बोटभर परस आहे. त्यात मोगरा, कढीपत्ता आणि हट्टानं लावलेलं एक डाळिंब. माती आपली काळी. पावसात चपलेला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चमचा पडला तर परत मिळायचा नाही. ती जरा भुसभुशीत व्हावी म्हणून नोव्हेंबरात गांडूळखत सुरू केलं.

निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरून आडवं ठेवलंय. तळाला भोकं, त्यावर विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, कडब्याची कुट्टी, मग १५ दिवस पसरून थंड केलेलं शेण. गांडुळं मोहोळकडच्या एका शेतकऱ्याकडून किलोभर आणली. लालसर, बारीक, आयसेनिया फेटिडा म्हणतात ती. संक्रांतीला, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पहिली चाळण झाली. चहाच्या पावडरीसारखं दाणेदार खत, घमेलंभर. मोगऱ्याला घातलं, मोगरा खूश, मी त्याहून खूश.

आता होळी होऊन आठ दिवस झालेत. रोज सकाळी १५-२० गांडुळं फरशीवर येऊन वाळलेली दिसतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चढून बसलेली वेगळीच. पिंपाला आंबट वास येतोय, ताक चार दिवस विसरल्यासारखा. मेलेल्यांपैकी काही विचित्र दिसतात. अंग जागोजागी फुगलेलं, मध्ये मध्ये आवळलेलं, जणू मण्यांची माळ. शिवाय दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे पुष्कळ झालेत. ही गांडुळांची पिल्लं आहेत का?

ओळखीच्या एका रोपवाटिकेत विचारलं तर म्हणाले, उष्णता झालीय, पाणी मारा. दोन दिवस झारीनं भरपूर मारलं. मरायची संख्या वाढली. खाणं नेहमीचंच: भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं. (चटणीसाठी शेंगा घरीच फोडतो, टरफलांना तोटा नाही.)

काय चुकतंय? आणि उरलेली गांडुळं सरळ बागेत सोडून दिली तर जगतील का? रोज सकाळी मढी उचलायची हिंमत राहिली नाही.

होटगी रोडवाला
पिंप कुठं ठेवलंय ते लिहिलंच नाही तुम्ही. पत्र्याखाली असेल तर विषय संपला. मार्चपासून आपल्याकडचा पत्रा म्हणजे तवा. ही गांडुळं २५ अंशांच्या आसपास मजेत असतात, ३५च्या वर गेलं की तग धरत नाहीत. मी मागच्या एप्रिलात दोन दिवस अक्कलकोटला पाहुण्यांकडे गेलो. परत येऊन बघतो तर सगळी रबडी. तीन बाजूंनी गोणपाट बांधा आणि ते ओलं ठेवा.

अंगणवाली
जिन्याखाली आहे, वर पत्राच आहे, पण दुपारी दोननंतर सावली येते.

काळी माती
ताई, उष्णता आहेच, पण मण्यांची माळ उष्णतेनं होत नाही. खरं सांगा, शिजवलेलं काय टाकलंत? भात, वरण, पोळी, काहीही.

अंगणवाली
पकडलंत. होळीला पुरण जास्त झालं होतं. फ्रिजमध्ये राहून आंबलं. टाकवेना, म्हणून दोन वाट्या पिंपात घातलं. वर वाटलं, गूळ आहे, डाळ आहे, बिचाऱ्यांचाही सण होईल.

काळी माती
झाला की सण! 😄 रागावू नका, मी स्वतः एकदा सत्यनारायणाचा उरलेला शिरा घातला होता.

काय होतं बघा. हरभऱ्याची डाळ आणि गूळ, दोन्ही झपाट्यानं आंबणारे. त्यातून आम्ल तयार होतं, वायू होतो. गांडुळाच्या अन्ननलिकेला लागून चुन्याच्या ग्रंथी असतात, थोडीफार आम्लता त्या मारतात. पण असलं आंबणारं अन्न जास्त पोटात गेलं की ते आतच आंबत राहतं, अंग जागोजागी फुगतं आणि तुम्ही पाहिली तशी माळ होते. तशी झालेली सहसा वाचत नाहीत. बाकीची मात्र वाचतील.

पाणी मारून का बिघडलं तेही सांगतो. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली हवी हे खरं, पण भोवती हवाही हवी. आंबण्यात आधीच हवा संपत होती, उरलेल्या फटी तुमच्या झारीनं भरल्या. म्हणून ती झाकणावर चढली. ती जीव वाचवायला निघाली होती, पळून नव्हे.

पांढरे दोरे म्हणजे पिल्लं नाहीत. ती पॉटवर्म नावाची वेगळी जात. आंबट आणि चिकचिकीत जागा त्यांना आवडते. त्रास देत नाहीत, पण ती वाढली की आत आंबट झालंय हे ओळखायचं. आयसेनियाचं पिल्लू बारीक असलं तरी त्यात लाल शीर दिसते.

चाळीतली बाग
आंबट झालंय ना, मग वर चुना भुरभुरवा. आमच्याकडे पानाचा चुना पाण्यात कालवून शिंपडतात.

काळी माती
नको हो. विझवलेला चुना ओल्या कातडीला भाजतो, जी उरलीत तीही जातील. शिवाय खत शेवटी आपल्याच काळ्या मातीत जाणार. तिच्यात चुनखडी आधीच भरपूर आहे. आणखी चुना कशाला? अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमध्ये पीठ करून चमचाभर टाकली तर हळूहळू काम करतात, भाजत नाहीत.

अंगणवाली
आमच्या घरी अंडं येत नाही. शेजारच्या वहिनींकडून टरफलं आणते. सासूबाईंना मिक्सरचं सांगणार नाही.

काळी माती
मिक्सर नको, खलबत्ता घ्या, बाहेर बसून. 😄

आता आधी हे करा. पुरणाचा भाग दिसेल तेवढा हातानं काढा, आजूबाजूचं चिकट सगळं काढा. पिंपातलं उरलेलं सावलीत प्लास्टिकवर पातळ पसरा, तासाभरात वास कमी होईल. तोवर एखाद्या भोकाच्या क्रेटमध्ये नवा बिछाना करा: ओली करून पिळलेली कडब्याची कुट्टी, चिकटपट्टी काढलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे, जुनं शेण. मूठभर घेऊन दाबलं की एक-दोन थेंब सुटावेत, धार नको. जिवंत गांडुळं वेचून त्यात सोडा आणि आठ-दहा दिवस काहीही खायला घालू नका. बिछानाच खातील. उपाशी मरतील अशी भीती वाटेल, तरी हात आवरा.

शेण आणताना गोठ्यात एक विचारा: जनावरांना नुकतंच जंताचं औषध दिलंय का? दिलं असेल तर काही दिवस ते शेण नको. जंत मारणारं औषध गांडुळांनाही सोडत नाही.

बागेत सोडू नका. आयसेनिया कुजणाऱ्या ढिगात राहणारी जात, आपल्या मातीत खोल जाणारी नव्हे. शेतातली देशी गांडुळं उन्हाळ्यात खाली जाऊन गुंडाळून पडून राहतात. हिला ते जमत नाही, वरच्या भेगाळलेल्या थरात चार दिवसांत वाळेल. बागेला खत द्या, गांडूळ पिंपातच ठेवा.

होटगी रोडवाला
पाण्याचं एक राहिलं. बोअरचं घालताय का? आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो. क्षार साठत जातात. नळाचं घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, रात्रभर उघडं ठेवून वापरा असं सगळे सांगतात. ती काळजी निदान सोलापूरकरांना नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आपण साठवूनच वापरतो, क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं.

अंगणवाली
(पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी)
वेळ लागला लिहायला. सांगितलं तसं केलं. पिंप उपसलं तर मधल्या भागात हात घालवेना एवढं गरम होतं, कडेला मात्र गार. म्हणजे आंबण्यानं आतूनही तापत होतं. जिवंत निघाली ती बहुतेक तळाच्या विटांच्या तुकड्यांखाली, ओली, एकमेकांत गुंतलेली. किलोभरातली अंदाजे तिसरा हिस्सा असतील.

क्रेट आता घराच्या उत्तर भिंतीला आहे. एका फुटक्या माठाचं बूड बिछान्यात मधोमध रोवलंय आणि त्यात पाणी ठेवते. खापर पाझरतं, भोवतीचं गार राहतं. दुपारी बघितलं तर सगळी माठाला बिलगून बसलेली. मुंग्या येऊ नयेत म्हणून क्रेट चार विटांवर, विटा पाण्याच्या ताटल्यांत. मरणं चौथ्या दिवसापासून थांबलं.

काल पसरलेलं जुनं चाळताना ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळट, लिंबाच्या आकाराचे दाणे सापडले. चिमटीत दाबले तर कडक. हे काय आहे? टाकून द्यायच्या आत विचारते.

काळी माती
टाकू नका! ते कोष आहेत, अंडी त्यातच असतात. एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात, कधी जास्तही. लालसर व्हायला लागले की निघायची वेळ जवळ आली. सगळे वेचून माठाच्या बुडाजवळ पेरा, वर ओल्या कुट्टीचा पातळ थर द्या.

चाळलेलं खत महिनाभर सावलीत मुरू दे, वास पूर्ण गेला की मगच वापरा. डाळिंबाच्या खोडाला चिकटवून नको, फांद्यांच्या टोकाखाली गोल रिंगण करून मातीत मिसळा आणि वर पालापाचोळा पसरा. उघडं ठेवलंत तर मे महिन्याचं ऊन ते नुसतं वाळवून टाकेल.

अंगणवाली
वेचते. चष्मा घालून बसलेय. आतापर्यंत ३४ झाले.