लकव्यानंतर ऑक्युपेशनल थेरपी खरंच लागते का? फिजिओ चालू आहे (नागपूर)

प्रश्न (महालकर): नमस्कार मंडळी. बाबांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून घरातल्या घरात चालून राहिले, फिजिओवाले घरी येतात. पण फॉलोअपला डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली. काका म्हणतात एक व्यायाम चालू आहे नं, मग हा दुसरा खर्च कशाला. आई घास भरवते, आंघोळ मी घालतो, ते फारसं काही बोलत नाहीत पण चिडचिड लय वाढली आहे. काय करतात नेमकं तिथे?

मानेवाडा_ओटी: मी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आपल्या मेडिकलमधूनच (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज) बीओटीएच, म्हणजे याचीच पदवी, केली. फिजिओ थांबवू नका, ती लागतेच. पण ताकद आली म्हणजे माणूस आपोआप स्वतःच्या हाताने जेवायला लागतो असं होत नाही, ते शिकवावं लागतं, ते काम आमचं. पहिला प्रश्न आम्ही तुम्हाला नाही, बाबांना विचारतो की आधी दिवसभर काय करायचे आणि आता कशाचा सर्वात जास्त त्रास होतो, आणि ते सांगतील तिथून सुरुवात. शर्टाचंच पाहा, खुर्चीत टेकून बसायचं, पाय जमिनीवर, लकव्याचा हात आधी बाहीत टाकायचा मग चांगला, काढताना बरोबर उलटं. चमच्याच्या दांडीला फोम गुंडाळून जाड केली की पकड जमते, ताटाखाली ओला नॅपकिन ठेवला की ताट सरकत नाही. आणि उठवताना तो हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. अजून एक, बोलत नाहीत म्हणजे मनातून की शब्दच सापडत नाहीत? शब्द अडकत असतील तर स्पीच थेरपिस्टलाही दाखवा.

विदर्भाची_सून: आमच्या सासूबाईंचं सेम होतं. मी सगळं हातात द्यायची कारण पटकन होते अन् सांडत नाही, थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या तुम्ही बाजूला बसा पण हात लावू नका. ते पाहवत नाही हो, पोह्याचा अर्धा घास खाली पडतो. पण आता त्या एका हाताने कणिक भिजवतात, उजव्याने परात दाबून धरतात, आणि स्वयंपाकघरात पुन्हा त्यांचंच चालतं. तुमच्या आईला जड जाईल, तिलाही समजावून सांगा.

भाऊ_इतवारी: हे नवीन फॅड आहे भाऊ, फिजिओवालेच सगळं करतात.

मानेवाडा_ओटी: नवीन कुठे भाऊ, कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये याचं शिक्षण सुरू केलं. फिजिओवाल्यांशी आमचं भांडण नाही, एकाच पेशंटवर दोघं मिळून काम करतो. पण पेन्शनच्या कागदावर सही कशी करायची, बाथरूममध्ये दांडा किती उंचीवर ठोकायचा, हे कोणीतरी घर आणि माणूस पाहून ठरवायला नको का?

महालकर: धन्यवाद. बाबांना विचारलं, दाढी स्वतः करायची म्हणाले. चालेल का?

मानेवाडा_ओटी: मस्त, चालेल की! आरशासमोर बसून, डाव्या हाताने ट्रिमर. ब्लेड सध्या नको, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील. मेडिकलला सकाळच्या ओपीडीत या, डिस्चार्ज कार्ड आणि सीटी-एमआरआय जे असेल ते आणा, आणि आईंना सोबत घेऊन या.