परीक्षा द्यावी की नुसतं वाजवत राहावं? (वाद्य हार्प, वय ४९)

करंगळीला_सुट्टी
मंडळी, घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते. मी कार्डिफला असते. आपल्याकडे भजनाला पेटी, तशी वेल्समध्ये हार्प. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमातही कोणीतरी ती घेऊन बसलेलं असायचं. ऐकून ऐकून दोन वर्षांपूर्वी ३४ तारांची लिव्हर हार्प भाड्याने आणली (तारेला वर एक खटका असतो, तो चढवला की सूर अर्धा स्वर चढतो). 'सा'च्या तारा लाल, 'म'च्या काळ्या, एवढाच काय तो आधार. करंगळी वापरायचीच नाही, अंगठा वर, तार छेडली की बोट तळहातात मिटायचं. पहिले तीन महिने बोटांना फोड. बांगड्या काढून ठेवते, नाहीतर तारांपेक्षा त्याच जास्त वाजतात.

आता हार्प शिकवणाऱ्या बाई म्हणतात, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची ग्रेड वन दे. १५० गुण, पास व्हायला १००. तीन रचनांना तीस-तीस, स्केल्सना, म्हणजे स्वरांच्या चढ-उतारांना, २१ (पाठ हव्यात), कधी न पाहिलेलं नोटेशन अर्धा मिनिट बघून वाजवायचं त्याला २१, आणि कानाच्या परीक्षेला १८. नवरा म्हणतो, दे. लेक म्हणते, "आई, तुझ्या पुढे आठ वर्षांची मुलगी असेल आणि मागे नऊ वर्षांचा मुलगा." माझं मत, नको. दहावीच्या हॉलतिकिटाची धडधड अजून गेलेली नाही. या वयात मला नापास करायचा हक्क आपणहून कोणाला कशाला द्यायचा? नको म्हणणारे कोणी असाल तर जरा जोरात म्हणा.

कोथरूडची_पेटी
मी नाही म्हणणार तसं. ५३व्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक दिली, पेटीवर. परीक्षार्थींच्या रांगेत माझ्या कमरेच्या वर डोकं असलेला एकही नव्हता. हात इतके घामेजले की भाता निसटत होता. पण त्याआधीची सहा वर्षं मी काय केलं? आवडलेलं नाट्यगीत घ्यायचं, अंतरा अडला की दुसरं घ्यायचं. अलंकारांची वही उघडली की हमखास चहा ठेवायची आठवण व्हायची. फॉर्म भरल्यावर चार महिने रोज अलंकार झाले, आणि सहा वर्षं अडलेला तो अंतरा एके दिवशी आपसूक बोटांत आला. मोठ्या माणसाला छडी मारायला कोणी नसतं हो ताई. परीक्षेची तारीख तेवढी असते.

सुट्टा_सूर
आली छडी! मी दुबईत चाळिशीत पियानो शिकलो. तीन परीक्षा दिल्या, ग्रेड थ्रीला तर मेरिट, म्हणजे १२०च्या वर. त्याची किंमत सांगतो. परीक्षेआधी दहा महिने त्याच तीन रचना. इतका चोथा झाला की मुलगी दात घासताना त्या गुणगुणायची, माझ्या चुकांसकट. सर्टिफिकेट आलं त्या आठवड्यात पियानोचं झाकण लावलं, त्याला चार वर्षं झाली. त्या दहा महिन्यांत वीस सोप्या चाली बसवल्या असत्या तर आज चार माणसांत काही वाजवता आलं असतं. मुलांचं ठीक आहे, त्यांच्यापुढे ग्रेड एटपर्यंत आयुष्य पडलंय. आणि ताई, तुम्ही तर वेल्समध्ये आहात. तिथे हार्पवर एक चाल चालू असते आणि गाणारा तिच्यावर दुसऱ्याच चालीत कविता म्हणतो, केर्द दान्त म्हणतात त्याला. ते सोडून परीक्षकापुढे स्केल्स कसल्या वाजवताय?

कोथरूडची_पेटी
झाकण तुम्ही लावलंत, परीक्षकाने नाही. आणि दहा महिने तीनच रचना हा तुमच्या मास्तरांचा आळस.

सुट्टा_सूर
मास्तर आळशी अजिबात नव्हते. त्यांचे शिष्य पास होतात म्हणून तर लोक त्यांच्याकडे यायचे! निकालावर पोट असलं की शिकवणी अशीच होते, एवढंच माझं म्हणणं.

पांढरी_दोन
तुम्ही दोघं भांडा, पण पियानो आणि पेटीच्या अनुभवावर हार्पचा निकाल लावू नका. पियानोवाल्याला वाद्य केंद्रावर मिळतं. हार्पवाल्याने आपलं न्यायचं. थंड गाडीतून गरम खोलीत नेलं की तारा हलतात, तातीच्या (आतड्याच्या) असतील तर जास्तच. मग किल्ली घेऊन ३४ तारा पुन्हा लावत बसा, आणि त्यानंतर लगेच परीक्षा. म्हणजे परीक्षा अर्धी तुमची, अर्धी हवेची.

दुसरा मार्ग आहे, परफॉर्मन्स ग्रेड. घरीच व्हिडिओ करून पाठवायचा. चार रचना, स्केल्स नाहीत, नोटेशन वाचन नाही, कानाची परीक्षा नाही. एक रचना आपल्या पसंतीची घेता येते, अर्थात त्या ग्रेडच्या तोडीची.

बाकी, परीक्षा द्या न द्या, एक गंमत करून बघा. तुमची हार्प ई फ्लॅटला लावलेली असणार. पांढरी दोनचा, म्हणजे डीचा, सा धरा. ई आणि बीच्या लिव्हर खाली, एफ, ए आणि सीच्या वर. झाला भैरव! पांढरी एकच्या, म्हणजे सीच्या, सा वर नाही जमणार, कोमल रे त्या लावणीत येतच नाही.

लंचटाइम_गिटार
व्हिडिओवाली मी दिली आहे. चारही रचना सलग, मध्ये कट चालत नाही. माझे २३ टेक झाले. एकविसावा छान चालला होता, चौथ्या रचनेत कुकरची शिट्टी. समोर परीक्षक असता तर एकदाच चुकलो असतो आणि घरी गेलो असतो.

सुट्टा_सूर
पांढरी_दोन, भैरवाबद्दल सलाम. बघा ताई, हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे?

करंगळीला_सुट्टी
भैरव लागला! काल तासभर नुसती त्यातच होते. बाईंना ऐकवला तर त्या वाद्याकडेच संशयाने बघायला लागल्या, लिव्हर नादुरुस्त झाली की काय म्हणून.

पण परवा रात्री दीडला एक तार तुटली, बार उडाल्यासारखा आवाज. नवी घातली, तर रोज सकाळी उतरलेली सापडते. ती लावता लावता लक्षात आलं की दोन वर्षांत मी वरच्या सप्तकातल्या त्या तारांना जवळजवळ हातच लावलेला नव्हता. जमतं तेवढंच वाजवत होते. पेटीताई, तुमचा अडलेला अंतरा तो हाच असावा.

फॉर्म भरला. समोरासमोरचाच. कानाच्या परीक्षेत परीक्षकाने वाजवलेल्या ओळी गाऊन दाखवायच्या असतात, लहानपणी गाण्याच्या क्लासला गेलेय, तेवढे गुण तरी हातचे आहेत. सुट्टा_सूर, तुमचंही ऐकलंय. दर पंधरवड्याला एक नवी चाल, परीक्षेबाहेरची, या अटीवर बाईंना हो म्हटलं. सुरुवातीला त्यांचा चेहरा उतरला होता.

आता प्रश्न वेगळाच. हार्प साडेचार फुटांची, आमच्या गाडीत सीट पाडून आडवी बसते, पण मग चालवणारा आणि एकच माणूस मावतो. चालवणार लेक. नवऱ्याला बसचं वेळापत्रक पाठवलंय.