स्प्लिट (ओळीचे तुकडे पाडणारी तयार आज्ञा) आधी शिकवावं की मुलांना हातानं तोडायला लावावं?

रविवारच्या बाई: नववी-दहावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. परवा एकानं "सातारा,,कराड" ही ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली. तीन तुकडे आले, मधला रिकामा. "बाई, पायथन चुकलंय!" तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: पहिले दोन आठवडे स्प्लिट बंद. लूप लावा, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत एकेक अक्षर बघा, स्वल्पविराम दिसला की साठलेलं यादीत टाका. हे एकदा स्वतः लिहिलं की रिकामा तुकडा कुठून आला ते वेगळं समजवावं लागत नाही.

पायथनवाला: दोन आठवड्यांत अर्धा वर्ग पळेल. त्या लूपमध्ये हमखास शेवटचा तुकडा राहतो, कारण 'कराड'नंतर स्वल्पविरामच नाही. मग तासभर 'कराड' शोधत बसायचं. पहिल्या दिवशी स्प्लिट द्या, काहीतरी चालू होऊ दे. स्प्लिटचा कंस रिकामा ठेवला तर चार स्पेसही एकच धरल्या जातात, आणि कंसात एक स्पेस लिहिली की मध्ये रिकामे तुकडे येतात. दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, पाच मिनिटांचं काम.

जुना सीवाला: बाईंशी सहमत. सी भाषेतलं स्ट्रटॉक, म्हणजे तिथली तुकडे पाडणारी आज्ञा, याच ओळीचे दोनच तुकडे देतं, रिकामा गिळून टाकतं. वर मूळ ओळीतच शेवट दाखवणारं शून्य-अक्षर लिहून तिची वाट लावतं ते वेगळंच. जावा भाषेत "1.2.3" टिंबावर तोडायला जा, हाती एकही तुकडा येत नाही, कारण तिथे टिंब म्हणजे 'कुठलंही अक्षर'; मग उरतात ते सगळे रिकामे तुकडे, आणि जावा ते टाकून देतं. रिकामा तुकडा ठेवायचा की नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. पोरांना ते कळायला नको?

पायथनवाला: कळू दे की, पण तिसऱ्या आठवड्यात. नववीच्या पोरांना स्ट्रटॉक कशाला?

काना-मात्रा: भांडा निवांत. पण बाई, 'एकेक अक्षर' म्हणालात ना, मग लूपमध्ये 'सातारा' छापून बघा.

रविवारच्या बाई: बघितलं. सहा ओळी! काने सुटे पडलेत.

काना-मात्रा: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, काना हा वेगळा कोड पॉइंट, त्याला स्वतःचा क्रमांक. 'क्षमा'चे तर पाच होतात: क, हलंत, ष, म, काना. स्वल्पविरामावर तोडताना काही बिघडत नाही, पण शब्द उलटा करायला सांगितलात की काना पुढे, अक्षर मागे. मजकुरात नमुने शोधणारं 'रेजेक्स' नावाचं पायथनचं वेगळं पॅकेज घ्या, त्यात बॅकस्लॅश आणि मोठा एक्स लिहिला की 'सा', 'ता', 'रा' अखंड मिळतात.

रविवारच्या बाई: मेले! या रविवारचा गृहपाठच आहे: आपलं नाव उलटं छापा.