बेने इस्रायली वारसा : मराठवाड्यातून अभ्यास सहल कशी आखावी?

इतिहास_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयातले इतिहास आणि मराठी हे दोन विभाग मिळून जानेवारीत अभ्यास सहल काढायचं ठरवायलोत. विषय बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. कोकणातली त्यांची गावं, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, दफनभूमी आणि त्यांची मराठी. चाळीस मुलं-मुली, चार शिक्षक. बहुतेक जण केज, धारूर, परळीकडचे. ज्यू म्हटलं की हिटलरच्या पुढं माहिती जात नाही, आणि हे लोक शेकडो वर्षं घरात मराठीच बोलत आले हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

विचारायचं ते असं. क्रम कसा लावावा? परवानग्या कुणाच्या लागतात? थडग्यांवरचा हिब्रू मजकूर मुलांना वाचता येईल का, कारण आमच्यात कुणालाच हिब्रू येत नाही. आणि नुसत्या इमारती बघून परत यायचं नाही. समाज आज कसा चाललाय, पुन्हा कसा उभा राहायलाय, हे कसं समजून घ्यावं?

देवगिरीचा_प्रवासी

सर, तुमच्यासाठी सोयीची गाडी नांदेड–पनवेल एक्सप्रेस. परळी वैजनाथला बसायचं. शनिवारी रात्री निघा आणि रविवारी सकाळी पुण्यात उतरा. असा वार धरायचं कारण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पर्यटकांना सिनेगॉग बंद समजा, आणि शुक्रवारी दुपारनंतर तिथली माणसं तयारीत असतात. रविवार ते गुरुवार एवढेच पाच दिवस तुमचे.

रविवार पुणे. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे लाल देऊळ. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि १८६७ साली पूर्ण झालं. ससून १८६४ सालीच वारले, त्यांची समाधी त्याच आवारात आहे. दुपारी रास्ता पेठेतलं सुक्कत शेलोमो, १९२१ सालचं. दोन्ही एका दिवशी पाहिलीत तर एक गोष्ट आपोआप कळते : ससून बगदादी ज्यू, अरबी बोलत आलेले व्यापारी, रास्ता पेठेतलं मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचं. हे दोन समाज वेगळे आहेत हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं नाही, तर पुढं मुंबईत सगळा गोंधळ होतो.

सोमवारी सकाळी पनवेल (बेथ एल, १८४९), मग पेणमार्गे पोयनाड (हेसेद एल, १८६६), मुक्काम अलिबाग. मंगळवारी नवगाव (पूर्वजांचं जहाज इथं फुटलं असं समाज मानतो) आणि रेवदंडा. रेवदंड्याचं बेथ एल १८४२ सालचं, शेजारी चौल. चौल हे जुनं बंदर, ते नकाशावर दाखवल्याशिवाय हे लोक याच किनाऱ्याला कसे लागले हा प्रश्न सुटत नाही. बुधवार-गुरुवार मुंबई. गुरुवारी रात्री सीएसएमटीवरून लातूर एक्सप्रेस. लातूरहून अंबाजोगाईला एसटी आहेच.

पुण्यापासून पुढं एसटीची प्रासंगिक कराराची गाडी घ्या. शैक्षणिक सहलीला सवलत असते, त्यासाठी प्राचार्यांचं पत्र आगाराला आधी द्यावं लागतं. एका गाडीत चव्वेचाळीस जण आणि सामान अडचणीचं होतं, तेव्हा प्रत्येकी एकच पिशवी.

थळ_रेवस

वरचा क्रम चांगला आहे, फक्त दोन ठिकाणी अडेल.

पहिलं, मंगळवारच्या यादीत खंडाळे राहिलं. तिथं कातळावर एक खूण आहे, एलियाहू हन्नाबीच्या (बायबलमधला प्रेषित एलिया) रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची म्हणून समाज तिला मानतो. हे खंडाळे अलिबागजवळचं. मोबाइलवर नुसतं खंडाळा टाकलं तर तो बोरघाटातलं दाखवतो आणि चालक उलट्या दिशेला निघतो. अलिबाग तालुका असं लिहूनच शोधा.

दुसरं, बोट. गेटवे–मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात, जानेवारीत चालू असतात. पण शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते. गाडीसकट जायचं असेल तर मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो. त्यात बस न्यायची तर जागा आधी धरावी लागते. नाहीतर माणसं बोटीनं आणि गाडी पेण-पनवेलवरून मुंबईला, असं करा.

परवानगीचं नीट लिहून ठेवा. २००८ साली मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांवर पोलीस बंदोबस्त असतो, आणि दारात चव्वेचाळीस जणांचा जमाव अचानक उभा राहिला तर आत घेत नाहीत. प्रत्येक सिनेगॉगाचं विश्वस्त मंडळ वेगळं, म्हणून पत्रंही वेगवेगळी. एकाच पत्रावर सगळी नावं घालून पाठवलं की कुणीच उत्तर देत नाही. निदान महिनाभर आधी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर : तारीख, वेळ, किती जण, विषय, जबाबदार शिक्षकाचा नंबर. सोबत सगळ्यांच्या नावांची यादी. सहलीत प्रत्येकाकडं आधारची मूळ प्रत हवी, झेरॉक्सवर कधी कधी भागत नाही. आठवड्यापूर्वी फोन करून पुन्हा विचारा. कोकणातल्या बऱ्याच सिनेगॉगांना कुलूप असतं आणि किल्ली एखाद्या घरी असते. ते घर लग्नाला मुंबईला गेलं असेल तर तुम्ही बाहेरूनच फोटो काढून याल.

आत जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं. तिथं टोप्या असतात, पण चाळीस नसतात. रुमाल किंवा आपली गांधी टोपी चालते. मुलींनी खांदे-गुडघे झाकलेले कपडे. तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) ज्या कपाटात असते त्या हेखालला आणि मधल्या चौथऱ्याला, म्हणजे तेवाला, हात लावायचा नाही. बाहेरचं खाणं आवारात नेऊ नका. कोशेरचे, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याचे धार्मिक नियम तुमच्या डब्याला लागू करत बसायला कुणाला वेळ नसतो.

अलिबागला पत्ता विचारताना ‘इस्रायल आळी’ विचारा. तिथलं मागेन अबोथ १८४८ सालचं, आजची इमारत १९१० ची. जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात, तेव्हा मुलांनी त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये.

अक्षरओळख

थडग्यांबद्दल. हिब्रू भाषा न येताही साल आणि नाव वाचता येतं. दोन तासांचे दोन वर्ग घ्या, पुरे.

अक्षरं बावीस, उजवीकडून डावीकडं, त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी वेगळी रूपं. प्रत्येक अक्षराला किंमत असते. आलेफ ते तेत १ ते ९; योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०; कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. सालात हजाराचा आकडा बहुधा गाळतात. उरलेल्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन. ताव, रेश, हेत दिसलं तर ४००+२००+८ म्हणजे ६०८, आणि ६०८+१२४० म्हणजे १८४८. ताव-शिननं सुरुवात असेल तर ७००, म्हणजे १९४० किंवा पुढचं.

आता चुका कुठं होतात ते. हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर १२४० ऐवजी १२३९ मिळवा. किस्लेवचा शेवट आणि तेवेतची सुरुवात डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येते, तिथं हिब्रू-इंग्रजी तारखांचा तक्ता बघायचा. दालेत आणि रेश सारखे दिसतात, एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोल. झिजलेल्या दगडावर ४ चे २०० झाले की माणूस १९६ वर्षांनी सरकतो. हेत आणि तावचंही तसंच, ८ आणि ४००. पंधरा आणि सोळा हे आकडे योद-हे, योद-वाव असे लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावाची अक्षरं. तेत-वाव आणि तेत-झायिन लिहितात.

सगळ्यात मोठा सापळा शेवटच्या ओळीत. ताव, नून, त्सादी, बेत, हे अशी पाच अक्षरं बऱ्याच ज्यू थडग्यांवर असतात. ते ‘आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो’ या प्रार्थनेचं लघुरूप. मुलं त्याची बेरीज ५४७ करतात आणि १७८७ साल लिहून मोकळी होतात. वरच्या बाजूला पे-नून असेल तर तेही साल नाही, ‘येथे पुरले आहे’ याचं लघुरूप.

बऱ्याच दगडांवर खाली देवनागरीत मराठी आणि इंग्रजी तारीख असते. आधी हिब्रू वाचून उत्तर कागदावर लिहायचं, मग खालची तारीख बघायची. उलट केलं की कुणी काही शिकत नाही. दगडावर खडू, पीठ, रंग, कागद ठेवून घासणं, काहीही नको; सकाळी आठच्या किंवा संध्याकाळी चारच्या तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात. दुपारी बारा वाजता नवगावच्या दफनभूमीत गेलात तर कोरीव काम सपाट दिसेल. अलीकडची थडगी टिपू नका. फुलं नेत नाहीत, लहानसा दगड ठेवतात. बाहेर पडताना हात धुण्याची रीत आहे, पाण्याचा कॅन सोबत असू द्या.

मराठी विभागासाठी खरी मेजवानी सणांच्या जुन्या नावांत आहे. रोश हाशानाला नव्याचा सण, योम किप्पुरला दारफाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण, पुरीमला होळीचा सण, पेसाहला अनाशी ढाकाचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा रोजा. तू बिश्वात या झाडांच्या सणाला एलियाहू हन्नाबीचा उरूस. उरूस खुलताबादच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. वर्गात एका बाजूला हिब्रू नाव, दुसऱ्या बाजूला हे नाव आणि तिसऱ्या रकान्यात आपल्याकडचा त्याच सुमाराचा सण लिहून घ्या. हनुकासाठी असं जुनं मराठी नाव सापडत नाही. का, यावर मुलांना आधी तर्क करू द्या.

आडनावांचा नकाशाही करता येतो. केहीमकर किहीमचे, झिराडकर झिराडचे, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर. जुनी पहिली नावं अशी : सॅम्युएलचा समाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी. १८३२ सालीच मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं, आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादेतल्या (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) चित्रांत बायका लुगडं नेसून मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, भाजताना दिसतात. त्या चित्राची छापील प्रत सोबत न्या.

इतिहास_अंबाजोगाई

फार उपयोगी. एकदम चव्वेचाळीस जण आत घेतील का? आणि मलिदा बघायला मिळेल का?

थळ_रेवस

वीस-बावीसचे दोन गट करा. एक आत, एक बाहेर आळीत घरांच्या पाट्या आणि आडनावं टिपतोय, चाळीस मिनिटांनी अदलाबदल. मलिदा हा नवसाचा, आभाराचा विधी आहे. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं आणि एलियाहू हन्नाबीची प्रार्थना. पर्यटकांसाठी मांडायला सांगू नका. विश्वस्तांना विचारून एखाद्या घरी जेवणाची ऑर्डर देता आली तर तेवढे पैसे त्या घराला मिळतात. चव्वेचाळीस माणसांचं जेवण आयत्या वेळी होत नाही, पंधरा दिवस आधी आकडा पक्का हवा. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध का, हे तिथं विचारा : मांस आणि दूध एकत्र चालत नाही. तू बिश्वात जानेवारी-फेब्रुवारीत येतो; त्या सुमारास खंडाळ्याला गर्दी असते, बोलावणं नसेल तर तो दिवस टाळा.

गोदाकाठची

चौथ्या प्रश्नाकडं कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. माझ्या मते सहलीचा अर्धा वेळ मुंबई-ठाण्याला द्यायला हवा, कारण जिवंत समाज तिथं आहे. कोकणातल्या सिनेगॉगात मिन्यान, म्हणजे सार्वजनिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष, जमवणं अवघड झालंय. १९४८ नंतर मोठ्या संख्येनं लोक इस्रायलला गेले. आता भारतात चार-पाच हजार उरलेत, बहुतेक मुंबई-ठाणे पट्ट्यात. ठाण्याचं शआर हाशामायीम (१८७९) प्रार्थनेला भरतं. मशीद बंदरजवळ सॅम्युएल स्ट्रीटवरचं शआर हाराहामीम १७९६ सालचं, बेने इस्रायलींचं मुंबईतलं पहिलं. काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू बगदादींचं, १८८४ चं, २०१९ साली जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडलं. हे शेवटचं सगळे बघतात कारण ते देखणं आहे. वेळ कमी पडला तर ते सोडा आणि माझगावची सर एली कदूरी शाळा बघा. १८७५ साली इस्रायली मुलांसाठी सुरू झालेली शाळा, आज तिथं कोणती मुलं शिकतात हे विचारलं की समाजाचा इतिहास कळतो.

पुन्हा उभं राहणं म्हणजे काय, याचे धागे तीन. एक, शिक्षण : वरळीच्या ओआरटी इंडियासारख्या ज्यू शिक्षणसंस्था. दोन, कायदा : महाराष्ट्रानं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याआधी अर्जावर ‘इतर’ लिहावं लागायचं. तीन, इस्रायलशी नातं, आणि ते सरळ नाही. तिथल्या धर्मपीठानं यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली, आंदोलनं झाली, १९६४ साली सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. दुसरीकडं त्याच देशात मराठीत ‘मायबोली’ नियतकालिक निघालं. हा भाग गाडीतच शिकवून ठेवा, मग मुलाखतीत मुलं बावळट प्रश्न विचारत नाहीत.

प्रश्न छोटे आणि ठोस ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना कोण सांगतं? हज्जान (प्रार्थना चालवणारे) कुठून येतात? मुलांना हिब्रू कोण शिकवतं आणि कोणत्या वारी? दफनभूमीची भिंत कुणी बांधली, पैसे कुठून आले? घरी अजून मराठीत कोणती गाणी म्हणतात? समाजात १८८० पासून कीर्तनाची परंपरा आहे, बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं. आपल्याकडच्या मुलाला तो विषय बरोबर पकडता येतो.

‘तुम्ही इस्रायलला का गेला नाहीत?’ आणि ‘पॅलेस्टाइनबद्दल काय वाटतं?’ हे दोन प्रश्न नकोत. अहवालाला ‘शेवटचे ज्यू’ असला मथळाही नको. तो अहवाल ते वाचतात. आवाज ध्वनिमुद्रित करायचा तर आधी लेखी संमती, आणि प्रत त्या कुटुंबाला परत पाठवायची. देणगी द्यायची असेल तर विश्वस्त मंडळाच्या नावे, पावती घेऊन. कुलूप उघडणाऱ्या माणसाचा मेहनताना वेगळा धरा, तो देणगीत मोजू नका.

देवगिरीचा_प्रवासी

थळ_रेवस यांचं बरोबर, खंडाळे राहिलं होतं. मंगळवारी सकाळी आठला नवगाव (तिरपं ऊन), मग खंडाळे, दुपारनंतर रेवदंडा. ‘शनिवार तेली’ (तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून बेने इस्रायलींना पडलेलं नाव) हा विषय गाडीतच काढा, मुलं ‘सोमवार तेली’, म्हणजे सोमवारी घाणा बंद ठेवणारे, कोण हे लगेच विचारतील. लातूर-उदगीरकडच्या मुलांना त्याचं उत्तर घरीच मिळेल.