निवृत्तीनंतर पुणे सोडून वाईला राहायला जावे का?

सिंहगडरस्ता: आम्ही दोघे पुढच्या वर्षी निवृत्त होत आहोत आणि येथील घर भाड्याने देऊन वाईत कायमचे राहावे, असा विचार चालू आहे. ढोल्या गणपतीला आणि मेणवलीला आम्ही बरेचदा आलो आहोत, परंतु दर्शन घेऊन संध्याकाळी परतणे निराळे आणि बारा महिने राहणे निराळे. तेथील शांतता रोजच्या जगण्यात कशी वाटते, हे रहिवाशांनी कृपया लिहावे.

घाटकरी: आपण बहुधा सुट्टीच्या दिवशी आला असाल. पाचगणी-महाबळेश्वरची वाहने गावातूनच पसरणी घाटाकडे जात असल्यामुळे शनिवारी बाजारपेठेत चालणेही नकोसे होते; वाई पाहायची तर मंगळवारी-बुधवारी मुक्कामाला यावे. शांत म्हणजे निवांत, रिकामे नव्हे. हिवाळा सरताना कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव नदीच्या एकेका घाटावर पाळीने होतो, त्यामुळे तो कित्येक दिवस चालतो. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते आणि व्याख्यानानंतर वक्त्याला अडचणीत आणणारे श्रोतेही असतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालवले, त्या गावात एवढे तरी अपेक्षितच आहे.

माहेरवाई: घाटकरींनी लिहिलेले खरे असले, तरी ते अर्धेच आहे. येथे आपल्याकडे कोण पाहुणे आले आणि किती दिवस राहिले, हे आळीला आपल्याआधी कळते. आजारपणात हीच माणसे डबा घेऊन दारात उभी राहतात, पण ज्यांना पुण्याच्या इमारतीतील अनोळखीपणाची सवय आहे, त्यांना ही चौकशी पहिल्या वर्षी जाचते. शिवाय किरकोळ दुखण्यांची सोय गावात होते. हृदयविकारासारख्या आजारासाठी मात्र सुमारे ३५ किलोमीटरवरील सातारा किंवा थेट पुणे गाठावे लागते. गावाला रेल्वे नाही. रात्री-अपरात्री गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवावे.

नदीपलीकडे: घर पाहताना नदी किती जवळ आहे, याची चौकशी अवश्य करावी. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे, ती पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून. आजही अतिवृष्टीत धोम धरणातून पाणी सोडले, की घाट पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात घाटालगतच्या खोलीचा मोह होतो, म्हणून घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे, भिंतींची ओल तेव्हाच कळते. खरेदी न करता अकरा महिन्यांचा करार करावा आणि त्यात एक पूर्ण पावसाळा येईल असे पाहावे.

सिंहगडरस्ता: सर्वांचे आभार. गाडी मीच चालवतो, आणि रात्री आता नीट दिसत नाही, त्यामुळे माहेरवाई यांचा मुद्दा आम्हाला अधिक गंभीर वाटतो. भाड्याचे घर गंगापुरीत पाहावे की सोनगीरवाडीकडे?