भयपटाच्या पटकथेचा करार आलाय, सोमवारी सही मागतायत – मदत हवी आहे

काळोखी
मी भयपट लिहितो आणि दिग्दर्शित करतो. आतापर्यंत शॉर्टफिल्म्स, सगळ्या स्वतःच्या पैशांनी. त्यातल्या एकीवरून पूर्ण लांबीची पटकथा लिहिली. गुहागरजवळचं कौलारू घर, आजी, विहीर, एवढ्यात सगळं घडतं. मुंबईच्या एका निर्मात्याला आवडली. करार आलाय, सोमवारी सही करून पाठवा म्हणतात, कारण पावसाआधी शूट उरकायचंय. कलम ४: सर्व हक्क, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, कायमस्वरूपी. कलम ९: लेखक रॉयल्टीवरचा दावा सोडून देत आहे. हे नेहमीचंच असतं का? सही करू की नको, एवढंच सांगा.

करवंद
दिग्दर्शन कोण करणार? आणि ते या करारात लिहिलंय का?

काळोखी
मीच करणार. तसं बोलणं झालंय.

पाणंद
बोलणं झालंय म्हणजे करारात नाही. मग कलम ९ सोडा, आधी हेच बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'लेखक' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला त्या कायद्यानं सिनेमावर कसलाही हक्क दिलेला नाही. तुमच्याकडे हक्क आहे तो पटकथेचा, आणि तोच कलम ४ नं देऊन टाकताय. सही झाल्यावर त्यांनी दुसरा दिग्दर्शक आणला तर हातात काही उरत नाही. पटकथेच्या करारातच लिहून घ्या की दिग्दर्शक तुम्हीच, आणि दुसरा नेमला तरी तुमचं दिग्दर्शनाचं ठरलेलं पूर्ण मानधन द्यावं लागेल. दिग्दर्शनाचा करार 'नंतर करू' म्हणतील, तर पटकथेच्या करारावरही नंतरच सही करा.

माडाची_सावली
गुहागरला रात्रीचं शूट आहे ना? मग डे फॉर नाईट करा, म्हणजे दिवसा शूट करून रात्र दाखवायची, जनरेटरचा खर्च वाचेल. सूर्य पात्रांच्या पाठीशी ठेवायचा, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, व्हाईट बॅलन्स ३२००, आकाश फ्रेममध्ये घ्यायचं नाही. बाकी ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग बसवताना होतं.

रातकिडा
कौलारू घराच्या भयपटाला हे चालणार नाही. उन्हात कंदील पेटवला तरी त्याचा उजेड भिंतीवर पडत नाही, ज्योत नुसती पिवळा ठिपका दिसते. आणि आकाश टाळणार कसं? ओट्यावरून कुठंही बघा, माडांच्या झावळ्यांतून आकाश दिसतंच, ते पांढरं फुटतं. खरी रात्रच हवी. कॅमेरा कोणता? ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२५० किंवा त्याच्या वर ठेवा, १००० वर नको. त्याचे बेस दोन, ४०० आणि ३२००. १२५० पासून दुसरा बेस लागतो, त्यामुळे अंधारात १००० पेक्षा १२५० स्वच्छ दिसतो. सेकंदाला २४ फ्रेमला शटर १७२.८ अंश, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटचे पट्टे येतील.

काळोखी
कॅमेऱ्याचं विचारलेलं नाही हो. करार!

बंदर_रोड
सही करून टाका. पहिल्या सिनेमाला कुणी अटी घालत नाही. नाव पडद्यावर आलं की दुसऱ्या सिनेमाला भाव करता येतो. अटी घालत बसाल तर निर्माता दुसरी पटकथा उचलेल. भयपटांच्या पटकथांना तोटा नाही.

पाणंद
दुसरी पटकथा त्यांना हवी असती तर सोमवारची घाई केली नसती. घाई त्यांना पावसाची आहे, ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे. आता कलमं बघू.

कलम ९ तसंही टिकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, चित्रपटगृहात दाखवण्यापलीकडे जो वापर होईल (टीव्ही, ओटीटी वगैरे) त्याची रॉयल्टी पटकथालेखक सोडूच शकत नाही. वारसाला देता येते किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला, बाकी तसा करार रद्दबातल. तरी खोडून घ्या. कागदावर राहिलं की पुढं भांडत बसावं लागतं.

कलम ४ जास्त घातक आहे. करारात मुदत लिहिली नसती तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. त्यांनी दोन्ही लिहून ठेवलंय. शेवटी कुठंतरी 'कलम १९(४) लागू होणार नाही' असंही असेल, शोधा. निर्मात्यानं वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते संपतात, असं कायद्याचं १९(४) सांगतं. ते बाद केलं की पटकथा त्यांच्या कपाटात कितीही वर्षं पडून राहू शकते.

काळोखी
आहे. १७ व्या कलमात, दुसऱ्या वाक्यात. आता काय?

करवंद
आधी हे सांगा, पटकथा शंभर टक्के तुमची आहे का? नोंदणी केलीय?

काळोखी
स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे केलीय, माझ्या नावानं. पटकथा माझीच. संवाद मालवणीत हवे होते, ते मित्रानं लिहून दिले. मूळ गोष्ट एका दिवाळी अंकात वाचलेल्या कथेवरून सुचली, पण ती खूप जुनी आहे.

करवंद
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! असोसिएशनची नोंदणी ही 'अमुक तारखेला हा मजकूर माझ्याकडे होता' एवढाच पुरावा आहे. मालकी त्यानं ठरत नाही. संवाद मित्राचे असतील तर त्यांचे हक्क त्याचे, ते तुम्ही विकू शकत नाही. आणि 'खूप जुनी' म्हणजे किती? लेखक जाऊन साठ वर्षं झालीत का? मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ मोजायची. कथा कधी छापली त्यावर नाही.

काळोखी
लेखक हयात आहेत बहुतेक. पण मी फक्त विहिरीची कल्पना घेतली.

पाणंद
नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. विहिरीतून हाक येते, एवढंच घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही. पण आजी तीच, घरातलं गुपित तेच, शेवटचा उलगडा त्याच क्रमानं असेल तर ते रूपांतर झालं, त्याला लेखी परवानगी लागते. कथा समोर घेऊन प्रसंगांची यादी करा, शेजारी तुमच्या प्रसंगांची. किती जुळतात ते कागदावर दिसेल.

करारात 'ही कृती पूर्णपणे स्वतंत्र असून कोणताही दावा आल्यास सर्व नुकसानभरपाई लेखकाची' असं कलम असणारच. मूळ लेखक उद्या उभे राहिले तर निर्मात्याचा सगळा खर्च तुमच्या डोक्यावर. जबाबदारी मिळालेल्या मानधनाच्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या. आणि परवानगी लागत असेल तर ती आधी.

ओहोटी
आवाजाचं कुणी बोललं नाही. किनाऱ्याजवळ घर असेल तर लाटांचा घोंघाट प्रत्येक कटला वेगळा लागतो. संवादाचे प्रसंग ओहोटीला लावा. तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा संवाद ठेवू नका. आणि रातकिडे माणूस जवळ गेला की गप्प होतात, त्यामुळे प्रत्येक जागेचा नुसता आवाज दोन मिनिटं वेगळा घ्या.

रातकिडा
पाऊणपट हा ठोकताळा आहे, वेळ मागेपुढे होते. कॉलशीट (शूटच्या वेळा) भरतीच्या छापील तक्त्यावरून काढा.

झावळी
रक्त ग्लुकोज सिरपचं करू नका, कोकणात तासाभरात मुंग्या लागतात. लिटरभर पाण्याला ६ ग्रॅम झॅन्थन गम, घट्टपणासाठी. तो आधी ग्लिसरिनमध्ये कालवा, थेट पाण्यात टाकलात तर गुठळ्या होतात. मग खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. जांभ्याच्या चिऱ्यावर सांडू देऊ नका, दगड रंग पितो आणि घरमालक सोडणार नाही. सारवलेली जमीन पुन्हा सारवता येते.

बंदर_रोड
तरी मी म्हणतो, एवढ्या अटींनी सिनेमा हातचा जाईल.

करवंद
सगळ्या अटी घालू नका, पण रिमेकचे हक्क सोडू नका. भयपट ताऱ्यांवर चालत नाही, म्हणून दुसऱ्या भाषेत सहज जातो. 'लपाछपी' २०१७ मध्ये मराठीत आला, २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' झाला, दोन्ही वेळा दिग्दर्शक तेच. कलम ४ आहे तसं राहिलं तर तुमच्या हिंदी आवृत्तीत तुम्ही कुठंच नसाल. बंदर_रोड म्हणतात तो दुसऱ्या सिनेमाचा भाव तिथंच येतो, आणि तोच आज विकायला निघालाय.

मानकरी
करारात 'यूए प्रमाणपत्र मिळवून देण्याची जबाबदारी दिग्दर्शकाची' असं काही आहे का तेही बघा. सेन्सॉरचं 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालेला सिनेमा टीव्हीवर जात नाही, म्हणून निर्माते हे घालतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग झालेत. तुमच्या सिनेमाला १६+ मागून घ्या, नुसतं 'यूए' नको.

सड्यावरचा
सही करू नको रे. आधी वकिलाक दाखव, मगे काय ता.

काळोखी
यूएचं आहे, कलम १२. निर्मात्याला फोन केला, आठवडाभर थांबायला तयार आहेत. मित्र लिहून द्यायला तयार आहे. बदल सुचवताना नेमका काय मजकूर पाठवू?

पाणंद
मित्राकडून आधी घ्या: 'मालवणी संवादांचे हक्क अमुक रकमेला या चित्रपटासाठी देत आहे, श्रेयनामावलीत संवादलेखक म्हणून नाव यावे.' रक्कम आकड्यात लिहा, 'मैत्रीखातर' नको. निर्मात्याला: 'हक्क एका मराठी चित्रपटापुरते. रिमेक, सीक्वल आणि मालिकेचे हक्क लेखकाकडे, मात्र पहिली विचारणा निर्मात्याला. सहीपासून २४ महिन्यांत मुख्य चित्रीकरण सुरू न झाल्यास सर्व हक्क कोणत्याही नोटिशीशिवाय लेखकाकडे परत.' १७ मधलं ते वाक्य खोडायला सांगा. ऐकलं नाहीत तर ही २४ महिन्यांची ओळ तरी धरून ठेवा. आणि दिवाळी अंकातल्या कथेशी जुळणाऱ्या प्रसंगांची यादी वकिलाकडे जाताना सोबत न्या, तो सगळ्यात आधी तीच मागेल.