लुप्त प्राणी पुन्हा घडवता येणार असतील, तर गिधाडे कशासाठी जपायची?

प्रश्न : शिक्षक, म्हसळा
एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला ‘डायर वुल्फ’ हा लांडगा पिल्लांच्या रूपात परत आणल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आठवीची मुले विचारतात की, गिधाडे संपली तर तीही बनवता येतील ना? आमच्या तालुक्यात गिधाडांची घरटी राखण्यासाठी गावकरी झटत असताना या मुलांना वरवरचे उत्तर देणे मला पटत नाही. काय सांगावे?

उत्तर : प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, रत्नागिरी
गुरुजी, कंपनीची ती पिल्ले म्हणजे करडे लांडगेच आहेत; त्यांच्या १४ जनुकांत २० बदल केलेले आहेत, एवढेच. पिरेनीज पर्वतातील बुकार्डो या रानबोकडाची शेवटची मादी २००० मध्ये मेली. तिच्या गोठवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये पिल्लू जन्मले, पण फुप्फुसातील दोषामुळे ते काही मिनिटांतच दगावले. ते जगले असते तरी मादीच होते. नर कोठून आणणार होते? पक्ष्यांचे तर अंडेच असे बलकाने भरलेले असते की, ही क्लोनिंगची, म्हणजे पेशीपासून हुबेहूब तसाच जीव घडवण्याची पद्धत तेथे चालत नाही.

उत्तर : वाचक, गुहागर
तरीही हे तंत्रज्ञान टाकाऊ ठरवू नये. १९८८ मध्ये गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारखा दिसणारा उत्तर अमेरिकेतील एक छोटा शिकारी प्राणी) मादी जन्मली आणि ती जगली. मात्र तिची जात तेव्हा अस्तित्वात होती. गिधाडांच्या पेशी जपायच्या असतील तर त्या गिधाडे हयात असतानाच जपाव्या लागतील.

उत्तर : पशुवैद्य, दापोली
मुलांना आधी गिधाडे कशाने मेली ते सांगावे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. शवविच्छेदनात काळजावर आणि यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालत असल्यामुळे ही तूट लवकर भरून निघणे शक्य नाही. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये त्यांच्या आकारावरही मर्यादा घालावी लागली. केटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅक या तशाच वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरील बंदी तर २०२३ मधली आहे. उद्या प्रयोगशाळेत गिधाड घडलेच, तरी त्याला हेच मांस खावे लागेल. ज्या मुलांच्या घरी गुरे आहेत, त्यांनी जनावराच्या तापावर किंवा सुजेवर दिलेल्या औषधाचे नाव वाचावे आणि गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम द्यावे, असा आग्रह डॉक्टरांकडे धरावा.